आकडा उत्तम आहे

बेकरीत तिला सगळे गुलाबताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच. केकवर क्रीमचे गुलाब करण्यात तिचा हात धरणारं त्या भागात दुसरं कुणी नव्हतं. डाव्या चिमटीत खिळ्यासारखी दांडी असलेली छोटी चकती, उजव्या मुठीत क्रीमचा कोन, आणि चकती फिरवत फिरवत पाकळीवर पाकळी. हात हे करत असताना तोंड मात्र भट्टीवाल्याची खेचण्यात गुंतलेलं असे.

"ताई, एकदा तरी हाताकडे बघा हो," भट्टीवाला म्हणायचा, "नाहीतर गुलाबाच्या जागी कोबी उगवेल."

"तू तुझे पाव सांभाळ. काल एक गिऱ्हाईक विचारत होतं, हे खायचे की भिंतीला लावायचे?"

आणि गंमत अशी, की जन्म लोण्यासाखरेत गेलेल्या या बाईला क्रीमचा वाससुद्धा सोसत नसे. घरी जाताना ती हात लिंबाने धुऊन जायची. गोडाचा तुकडा तोंडात टाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. अंगाने काडी. वारा आला तर हिला आधी धरा, असं मालकीणबाई म्हणायच्या.

दुखण्याची सुरुवात सकाळच्या वेळी झाली. उठल्यावर बोटं मिटेनात. आत कुणी सिमेंट ओतून ठेवल्यासारखी ताठ. टूथपेस्टचं टोपण फिरेना, नळ सुटेना. तासा-दोन तासांनी सैल व्हायची, मग दिवसभर चालायचं. क्रीमची खोली थंड ठेवावी लागते, त्या गारठ्याने होत असेल, असं ती धरून चालली. मलम झालं, गरम पाण्याचा शेक झाला, नणंदेने पाठवलेलं कसलंसं उग्र तेलही चोळून झालं. त्या तेलाने बोटं सुटली नाहीत, शेजारणी मात्र दोन हात लांब उभ्या राहायला लागल्या.

मग एका दुपारी, मोठ्या तीन मजली केकचं काम चालू असताना, चकती तिच्या चिमटीतून सटकली. गुलाब जमिनीवर उपडा पडला. तिने दुसरा केला, तोही पडला. तिसऱ्याला चिमूट मिटलीच नाही. मालकीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी स्वतः वाकून जमिनीवरचं क्रीम पुसलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

कोपऱ्यावरचे डॉक्टर वर्षानुवर्षं घरातलं सर्दी-पडसं बघत आलेले. त्यांनी आधी "वय" म्हटलं, मग "थकवा" म्हटलं, मग "टेन्शन घेऊ नका" म्हटलं. अखेर लेकीने, चष्म्याच्या दुकानात कामाला असलेल्या तिच्या एकुलत्या एक लेकीने, आईची बोटं दुकानातल्या भिंगाखाली धरून बघितली आणि दुसऱ्याच दिवशी तिला सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. संधिवात निघाला, पण म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे. हा दुसरा.

"शरीरात रोगजंतूंशी लढणारं सैन्य असतं ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते तुमच्याच सांध्यांवर उलटलंय."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय."

"अगदी तसंच."

आधी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी झाली. त्या गोळीने अर्धाच फरक पडला. मग तिच्या जोडीला एक नवी गोळी आली आणि महिन्या-दीड महिन्यात सूज अशी उतरली की गुलाबताई सकाळी उठून घरातले सगळे नळ उगाचच उघडून बंद करत फिरली. बेकरीत परत गुलाब फुलायला लागले. भट्टीवाल्याला पुन्हा टोमणे मिळायला लागले. तो म्हणाला, "ताई, तुम्ही आजारी होतात तेव्हा माझी तब्येत बरी होती."

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण या गोळीवर असताना अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि त्या तपासणीत कोलेस्टेरॉल चढलेलं निघालं. रिपोर्टवर आकडा लाल अक्षरात होता.

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या धंद्यात एक नियम: लाल दिवा लागला की लिफ्ट बंद. मग आत राव अडकलेला असो की रंक, आधी बंद, मग चौकशी. माणूस तसा लाख होता. पण त्याचा थोरला भाऊ भर जेवणावर ताटावर कलंडून गेला होता, आणि "दादा कोलेस्टेरॉलने गेला" हे वाक्य त्याच्या मनात तेव्हापासून खिळा ठोकल्यासारखं बसलं होतं. लाल आकडा बघितल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तो तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी कागदावरून नजर फिरवली आणि ते हसले.

"बेकरीत असता ना? मग काय! चाखता चाखता किती पोटात जातं, कळत नाही."

"डॉक्टर, मी चाखत नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"अहो, मला क्रीमचा वास आला तरी मळमळतं."

"थोडं तोंडावर नियंत्रण ठेवा," डॉक्टर पुढच्या पेशंटची घंटी वाजवत म्हणाले.

बाहेर आल्यावर ती फूटपाथवरच उभी राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई असती तर गोष्ट वेगळी. इथे ना ताक, ना भांडं, आणि चोर मात्र ठरली ती. नवरा म्हणाला, "अगं, पण कधीमधी चुकून एखादं बोट..." तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की ते बोट त्याने तिथेच गिळलं.

त्या आठवड्यापासून घरातलं तेल बंद झालं. नवऱ्याने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सकाळी उकडलेली भाजी, संध्याकाळी उकडलेली भाजी, मधे कधी उकडलेल्या भाजीचं पाणी. नणंद फोनवरून पथ्यं सांगायची आणि तो मान डोलवत सगळी अमलात आणायचा. लेक दुकानातून येताना बाहेर खाऊन यायची आणि ढेकर दाबत "भूक नाही" म्हणायची. आधीच काडी असलेली गुलाबताई आणखी वाळली. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला का? छे. आणखी चढला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

मग हृदयाच्या डॉक्टरांची पाळी. चकचकीत दवाखाना, भिंतीवर लाल-निळ्या नळ्यांचं चित्र. त्यांनी छाती तपासली, पट्टी काढली, सगळं ठीक म्हणाले. मग गोळ्यांची यादी बघताना नव्या गोळीवर बोट ठेवलं.

"ही कुणी दिली?"

"सांध्यांच्या डॉक्टरांनी."

"हिच्यानेही वाढतं कोलेस्टेरॉल. ती चालू ठेवायची की बदलायची, ते त्यांना विचारा."

सांध्यांच्या दवाखान्यात फोन केला तर उत्तर मिळालं, की मॅडम परगावी परिषदेला गेल्या आहेत, पुढच्या महिन्यात वेळ मिळेल. आणि कोलेस्टेरॉलचं असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

"त्यांनीच तुम्हाला विचारायला सांगितलंय," गुलाबताई म्हणाली.

"मग मॅडम आल्या की विचारा."

तिने फोन ठेवला. आपटला म्हणायला हवं, पण मोबाइल आपटण्यात काय मजा? ती लेकीला म्हणाली, "एक जण छातीचा मालक, एक जण बोटांची मालकीण. मधल्या हाताचं काय करायचं, ते कुणाला विचारू?"

त्या संध्याकाळी नवऱ्याने विषय काढला. तो ओट्याजवळ उभा होता, हातात गोळ्यांची डबी.

"आपण ही गोळी बंद करू."

"तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात?"

"हृदयाच्या डॉक्टरांनीच सांगितलं ना, हिच्याने वाढतं म्हणून."

"विचारा म्हणाले ते. बंद करा नाही म्हणाले."

"मग महिनाभर वाट बघत बसायची? दादाच्या वेळी पण सगळे थांबू, बघू, करत राहिले." त्याने बाहीने डोळे पुसले. "बोटं दुखली तर दुखतील गं. पण तू ताटावर..."

तिला पटलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर तिने शंभर वेळा नाही म्हटलं असतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात तिने या माणसाला दोनदाच रडताना पाहिलं होतं, आणि त्याचं म्हणणं तोडायला तिच्याकडे डॉक्टरांचा शब्दही नव्हता. एका पारड्यात मरण आणि दुसऱ्यात बोटं टाकली की बोटं हलकीच ठरणार. तिने डबी त्याच्याकडे राहू दिली.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. नवरा सकाळी उठून आधी तिचे हात बघायचा आणि म्हणायचा, "बघ, काही नाही!" मग उजव्या मनगटाने कुरकुर केली. मग बोटांची पेरं एकेक करून फुगली. मग गुडघा सुजला, आणि एका सकाळी जबडाच उघडेना. चहा चमच्याने घ्यावा लागला. लेक कामावर जाण्याआधी आईची वेणी घालून द्यायची, ब्लाउजची बटणं लावून द्यायची. तेवढ्या वेळात दोघी एकमेकींकडे बघत नसत. बघितलं असतं तर एक तरी रडली असती.

बेकरीत मालकीणबाईंनी तिला क्रीमच्या खोलीतून काढून खोकी दुमडायला बसवलं. वाईट हेतूने नव्हे. तिला घरी पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण खोकी दुमडायलाही बोटंच लागतात. पुठ्ठ्याच्या कडा पेरांत घुसायच्या. आणि समोरून जाणाऱ्या केकवर आता पाकिटातून काढलेली तयार साखरेची फुलं चिकटवलेली असत, गुळगुळीत, सगळी एका साच्यातली, चावली तर दाताखाली खडूसारखी कुरकुरणारी. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ते मऊ गुलाब करणाऱ्या बाई सोडून गेल्या का?" गुलाबताई खोक्यांच्या ढिगामागेच बसली होती. तिने मान वर केली नाही. भट्टीवाल्याने त्या दिवशी स्वतःच येऊन आपल्या पावांना नावं ठेवली, तिने काहीतरी बोलावं म्हणून. ती "हं" म्हणाली.

याच दिवसांत नवऱ्याने पुन्हा रक्त तपासून घेतलं. कोलेस्टेरॉलचंच तेवढं. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा ती टेबलाशी बसून दोन्ही मनगटांच्या चिमट्यात कप धरून उचलायचा प्रयत्न करत होती.

"अगं!" तो बाहेरूनच ओरडत आला. "आकडा उत्तम आहे! एकदम खाली! हे बघ, हिरवा!"

त्याने मोबाइल तिच्या डोळ्यांसमोर नाचवला, मग तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. "ताई, जमलं! उकडलेल्या भाज्यांनी आणि ती गोळी सोडल्याने! हो, हो, उत्तम! एवढा चांगला तर माझापण नसेल!" पलीकडून नणंदेचा आवाज सगळ्या खोलीत घुमला: "मी म्हटलं नव्हतं?"

गुलाबताईला तो कप भिंतीवर फेकून मारावासा वाटला. मनापासून वाटलं. पण आपटायलासुद्धा पकड लागते. कप तिच्या मनगटांमधून घसरला, टेबलावर आडवा झाला आणि चहा सांडत तिथेच डुलत राहिला. फुटलादेखील नाही. तेव्हा तिला रडू कोसळलं.

नवऱ्याने फोन खाली केला. "अगं, आनंदाने रडतेस होय?"

लेक आतून आली. तिने आधी कप उभा केला, मग बापाच्या हातातून मोबाइल काढून घेतला, "आत्या, नंतर बोलू" म्हणून बंद केला. "बाबा," ती म्हणाली, "आईला कप उचलता येत नाहीये. तुमचा आकडा तिने कशात घालून प्यायचा?"

त्याला खरंच कळत नव्हतं. हिरवा दिवा लागला होता आणि लिफ्ट तरीही वर जात नव्हती. असलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

लेकीने काकूला बोलावून घेतलं. काकू म्हणजे गुलाबताईची जाऊ, ताटावर कलंडलेल्या थोरल्याची बायको. एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. बोलणंही तसंच, सरळ आणि गरम. आल्या आल्या तिने गुलाबताईचे हात मांडीवर घेतले, उलटेसुलटे बघितले, आणि दिराकडे वळली.

"भाऊजी, ह्यांचं कोलेस्टेरॉल किती होतं हो?"

"दादाचं? खूपच होतं, वहिनी."

"खूप म्हणजे किती?"

"आकडा काही मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "कारण ते कधी कुणी मोजलंच नाही. सुई म्हटलं की चार रस्ते सोडून पळायचे ते. दिवसाला दोन पाकिटं सिगारेट मात्र ओढायचे, ती सगळ्यांना दिसायची. ते गेले आणि तुम्ही कोलेस्टेरॉल कोलेस्टेरॉल करत सुटलात. मी म्हटलं, जाऊ दे, गेलेल्या माणसाची पाकिटं कशाला मोजायची. भावाचं दुःख आहे, कशाचं तरी नाव हवंच असतं माणसाला. म्हणून बोलले नाही. पण त्या नावापायी हिचे हात घालवायला निघालात तर मी गप्प बसणार नाही."

नवरा खाली बसला. मग उठून सांध्यांच्या दवाखान्यात फोन लावला. मॅडम परतल्यात, पण वेळ पुढच्याच महिन्यात, असं उत्तर आलं, तेव्हा तो म्हणाला, "वेळ मिळेपर्यंत आम्ही दारात बसतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीसकट तिघं जण खरंच जाऊन बसले.

डॉक्टरीणबाईंनी दुपारनंतर आत घेतलं. हात बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "गोळी कधीपासून बंद? आणि मला न विचारता?"

झालं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं.

"तुम्हाला विचारायला दार कुठे होतं, मॅडम?" गुलाबताई म्हणाली. जबडा दुखत होता तरी बोलत राहिली. "कोपऱ्यावरचे म्हणतात मी चोरून खाते. हृदयाचे म्हणतात तुम्हाला विचारा. तुमच्या इथले म्हणतात त्यांना विचारा. मी माणूस आहे की टपाल? ज्याला त्याला पत्ता चुकीचाच वाटतो! दुखायचं मी, उपाशी राहायचं मी, आणि वर कानउघाडणीही माझीच?"

नवरा टेबलावरच्या कागदांकडे बघत होता. डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला, हृदयाच्या डॉक्टरांना तिथूनच लावला आणि सगळ्यांसमोर बोलल्या. पाच मिनिटांचं बोलणं. एवढ्याचसाठी तिचे हात गेले होते, हे लक्षात येऊन गुलाबताईला हसावं की डोकं आपटावं ते कळेना.

मग डॉक्टरीणबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही म्हणता, गोळी बंद केली आणि आकडा उतरला. बरोबर. पण तो त्या बऱ्या झाल्या म्हणून उतरला नाही. हा आजार पेटलेला असतो ना, तेव्हा तो रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली ओढतो. आकडा छान दिसतो आणि रक्तवाहिन्यांना आतून सूज असतेच. उलट अशा वेळी हृदयाला धोका जास्त. आजार शांत झाला की आकडा परत आपल्या जागी येतो, आणि या गोळीने त्याहून थोडा वर जातो."

"म्हणजे लाल होता तेव्हा ती बरी होती," नवरा सावकाश म्हणाला, "आणि हिरवा झाला तेव्हा..."

"तेव्हा ती जळत होती."

त्याने डोळे मिटून घेतले.

"मग कोलेस्टेरॉलकडे बघायचंच नाही?" लेकीने विचारलं.

"असं कुठे म्हटलं? बघायचंच. या आजारात ते नुसतं कमी-जास्त होत नाही, बिघडतं. वाईट चरबी सुजेत सापडून खराब होते. लढणाऱ्या पेशी ती गिळतात आणि आणखी चिडतात. आणि जी चांगली चरबी एरवी त्यांना शांत करते, तीच दुबळी पडते. म्हणजे आजार चरबी नासवतो, आणि नासलेली चरबी आजारात तेल ओतते. कुणाच्या बाबतीत किती, ते अजून आम्हालाही नीट सांगता येत नाही, अभ्यास चालू आहेत. पण एक नक्की. दोन्हीकडे एकदम बघायचं. ती गोळी पुन्हा सुरू, आणि कोलेस्टेरॉलची वेगळी गोळी तिच्यासोबत. आणि हो, ताई, चोरून क्रीम खाऊन एवढं होत नाही. तुम्ही खाल्लंही नाहीत, हे मला तुमच्याकडे बघूनच दिसतंय."

एवढ्या महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदा कुणी तरी बोललं होतं. गुलाबताईला वाटलं होतं की ते ऐकून खूप बरं वाटेल. तसं काही झालं नाही. कुणी तरी हे आधी का नाही बोललं, असाच राग आला.

गोळी पुन्हा सुरू झाली. पण पहिल्यासारखी जादू झाली नाही. सूज रडतखडत उतरली, आज दोन पावलं पुढे, उद्या एक मागे. कोलेस्टेरॉलच्या गोळीने सुरुवातीला पोटऱ्या दुखल्या, मग ती बदलून दुसरी दिली. जबडा सुटला, गुडघा सुटला, मनगट बऱ्यापैकी सुटलं. डाव्या हाताची दोन बोटं मात्र वाकली ती वाकलीच. मधल्या महिन्यांत तिथला सांधा झिजला होता. चकतीची दांडी पकडायला नेमकी तीच बोटं लागत.

नवऱ्याने काय काय नाही केलं! त्याने दांडीला जाड रबर गुंडाळून दिलं, बेकरीतल्या टेबलाला चकती फिरवणारं एक यंत्र बसवून दिलं, लिफ्टच्या जुन्या मोटरवर चालणारं. यंत्राने गुलाब एवढ्या जोरात फिरवला की पाकळ्या भिंतीवर उडाल्या. भट्टीवाला म्हणाला, "गुलाब नव्हे, ही रांगोळी झाली." सगळे हसले, तीही हसली, आणि मग तिने मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नवरा दाराबाहेर उभा राहिला.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला.

"नाही हो, तुमच्यामुळे नाही" असं म्हणणं तिला जमलं असतं, पण ते खरं नव्हतं. आणि "हो" म्हणणंही पुरतं खरं नव्हतं. कोपऱ्यावरचे होते, चकचकीत दवाखाना होता, परिषद होती, नणंद होती, आणि डबी त्याच्या हातात राहू देणारी तीही होती. राग नेमका कुणाच्या नावावर टाकायचा तेच तिला सापडत नव्हतं. थोड्या वेळाने तिने दार उघडलं आणि म्हणाली, "ती मोटर काढून टाका. भिंत तुम्हीच पुसा."

बेकरीत ती क्रीमच्या खोलीत परतली. केकला क्रीमचा सपाट थर देण्याचं काम मुठीत सुरी धरून करता येतं, ते तिने घेतलं. कडा अशा गुळगुळीत काढते की मालकीणबाई खूश आहेत. फुलं ती करत नाही. तयार फुलांचं पाकीट समोर आलं की अजून तोंड वाकडं करते.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे ती एकदा मुद्दाम गेली. सर्दी-खोकला काही नव्हता. खुर्चीत बसली आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं झालं कळलं. तरी पण, खाण्यावर थोडं लक्ष ठेवाच." ती उठून आली. काही माणसांशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आणि एक गोष्ट राहिली. जाऊ जाता जाता दिराला विचारून गेली होती, "तुम्ही स्वतःचं कधी मोजलंत का हो?" त्याने कधीच मोजलं नव्हतं. सुईला घाबरण्यात तो भावाच्या एक पाऊल पुढे होता. गुलाबताईने त्याला एका सकाळी उपाशीपोटी तपासणीला नेलं. रक्त काढेपर्यंत तो पांढराफटक पडला आणि तिच्या वाकड्या बोटांना गच्च धरून बसला. तिला दुखत होतं, तरी तिने हात काढून घेतला नाही.

हा माणूस बाहेर कामावर असताना रोज तळलेलं खातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरात उकडलेलं, आणि बाहेर जे दिसेल ते. रिपोर्ट आला तेव्हा तो मोबाइल घेऊन खिडकीशी गेला. बराच वेळ वाचत राहिला. मग मोबाइल खिशात टाकला आणि खुर्चीवर येऊन बसला.

"काय आलं?" तिने विचारलं.

"काही नाही. आकड्यावर काय असतं."

"अहो, काय आलं ते सांगा."

त्याने मान खाली घातली. "उत्तम," तो पुटपुटला.

गुलाबताईने डोळे वर केले. जी क्रीमकडे बघत नाही तिला गोळ्या, आणि जो रोज तळणात बुडतो त्याला उत्तम! शिवी द्यावी, रडावं की हसावं, तिलाच ठरवता येईना. शेवटी ती हसली, पण त्या हसण्यात राग होता, आणि नवऱ्याने ते बरोबर ओळखलं. तो न सांगता उठला, ओट्याकडे गेला आणि तेलाची बरणी काढून तिच्यासमोर झाकण उघडून ठेवली.

"डॉक्टर थोडं चालेल म्हणाल्यात," तो म्हणाला. "आज भाजी तू कर. मी चिरून देतो."

"बारीक चिरा," ती म्हणाली. "आणि नणंदबाईंचा फोन आला तर मी घरात नाही."